अंगावर पाजण्याचा आईला होणारा फायदा: बाळंतिणीला सांगायचा की नाही?

कासारवडवलीकर
माझं बाळंतपण घोडबंदर रोडवरच्या एका प्रसूतिगृहात झालं. भिंतीवर स्तनपानाची पोस्टरं होती: बाळाची प्रतिकारशक्ती, बाळाचं वजन, बाळाची बुद्धी. आईच्या तब्येतीचा उल्लेखही नाही. मला गरोदरपणात शुगर निघाली होती, म्हणजे पुढे कायमचा मधुमेह जडण्याचा धोका इतर बायकांपेक्षा कितीतरी जास्त. अंगावर पाजल्याने तो कमी होऊ शकतो हे मला कुणीच सांगितलं नाही. बाळ रांगायला लागल्यावर मी ते स्वतः वाचलं.

कॅलिफोर्नियात गरोदरपणी शुगर झालेल्या हजाराहून जास्त बायकांची दोन वर्षं तपासणी झाली. २०१५ मध्ये निष्कर्ष आले. ज्यांनी निव्वळ अंगावर पाजलं किंवा जास्त महिने पाजलं, त्यांच्यात मधुमेहाचा धोका जवळपास निम्म्यावर होता. स्तनाच्या कर्करोगाबद्दल २००२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ३० देशांतले ४७ अभ्यास एकत्र करून मांडले गेले: सगळ्या मुलांचे मिळून दर १२ महिन्यांच्या पाजण्यामागे जोखीम ४.३ टक्क्यांनी घटते. २०२२ मध्ये सुमारे १२ लाख बायकांची माहिती एकत्र केली, त्यात कधीही न पाजलेल्यांपेक्षा पाजलेल्या बायकांमध्ये हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांचा धोका ११ टक्के कमी दिसला.

हे सातव्या-आठव्या महिन्यातच प्रत्येकीला सांगायला हवं. निर्णय तिच्या शरीराबद्दलचा आहे आणि तिच्याच शरीराची माहिती तिच्यापासून लांब राहते, याचा मला राग येतो.

वाशी_सेक्टर_१७
आकडे बरोबर आहेत. अर्थ काढताना मात्र घाई होतेय. संख्याशास्त्र शिकवतो म्हणून लिहितो.

यातले जवळजवळ सगळे अभ्यास नुसत्या निरीक्षणाचे आहेत. अमेरिकेत वर्षभर अंगावर पाजणाऱ्या बायका सरासरीने जास्त शिकलेल्या, कमी वजनाच्या, सिगारेट न ओढणाऱ्या असतात. त्यांना मधुमेह कमी होणारच. शिवाय वजन आणि शुगर आधीच जास्त असेल तर दूध उशिरा उतरतं, कमी येतं. म्हणजे काही जणींच्या बाबतीत आजाराकडे झुकलेलं शरीर आधी आणि कमी पाजणं नंतर.

बेलारूसमध्ये १९९० च्या दशकात मोठा प्रयोग झाला. १७ हजारांवर माता. कोणत्या रुग्णालयात स्तनपानाला खास पाठबळ द्यायचं हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. तिथल्या आयांनी खरोखरच जास्त काळ पाजलं. साडेअकरा वर्षांनी पाठबळ मिळालेल्या आणि न मिळालेल्या आयांचं वजन, चरबी, रक्तदाब मोजले, तर दोन्ही गटांत फरक नाही.

आणि ४.३ टक्के म्हणजे किती? एखादीची आयुष्यभराची जोखीम १०० त ३ धरली, तर वर्षभर पाजून ती २.८७ होते. एवढ्यासाठी ओल्या बाळंतिणीला कर्करोगाचं नाव ऐकवायचं?

कासारवडवलीकर
बेलारूसच्या त्या तपासणीत वजन आणि रक्तदाब होते, कर्करोगाचा प्रश्न नव्हता. आणि दोन्ही गटांतल्या आयांनी पाजायला सुरुवात केलीच होती, फरक फक्त किती महिने पाजलं एवढाच. कॅलिफोर्नियाच्या अभ्यासात आईचं आधीचं वजन आणि गरोदरपणातली शुगर हिशोबात घेऊनही फरक उरला.

त्यामागे शरीराचं कारणही आहे. दूध तयार करायला रोज सुमारे ५०० कॅलरी लागतात, रक्तातली साखर आणि साठलेली चरबी त्यात वापरली जाते. पाळी लांबते, त्या काळात इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी राहतं, आणि स्तनाच्या कर्करोगाचा त्याच्याशी संबंध आहे.

२.८७ चा हिशोब एका बाईपुरता खरा. पण त्याच २००२ च्या मांडणीत म्हटलंय की श्रीमंत देशांतल्या बायकांची मुलांची संख्या आणि पाजण्याचा काळ पूर्वीच्या गरीब देशांइतका असता, तर सत्तरीपर्यंत १०० त ६.३ ऐवजी २.७ जणींना हा कर्करोग झाला असता. त्यातला मोठा वाटा पाजण्याचा.

ऐरोली_सकाळची_शिफ्ट
तुम्हा दोघांचं वाचून छातीत धस्स झालं. माझं दूध सहाव्या महिन्यात आटलं. आता मुलीला सर्दी झाली की मी वरचं दूध दिलं म्हणून, आणि मला पुढे काही झालं तर तेही मी पाजलं नाही म्हणून?

२०१७ पासून २६ आठवड्यांची रजा आहे. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघर हवं आणि दिवसातून चारदा तिथे जायची मुभा हवी, असंही कायद्यात आलं. आमच्या ऑफिसचं पाळणाघर करारावर दुसऱ्याच इमारतीत. जाऊन येण्यातच जेवणाची सुट्टी संपते. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने निघायचं, अकरापर्यंत छाती दाटून दगड व्हायची, कुर्त्यावर डाग पडू नये म्हणून ओढणी दुमडून आत घ्यायची. पंप लावायला जागा म्हणजे स्टेशनरीची खोली, कडी नसलेली. एकदा गाठ होऊन थंडी वाजून ताप आला, अँटिबायोटिक घ्यावं लागलं. त्यानंतर दूध कमीच झालं.

बाईला माहिती द्या, जरूर द्या. पण तीच माहिती तिच्या साहेबाला आणि नवऱ्याला आधी द्या.

पाचपाखाडीची_आजी
कर्करोग आणि मधुमेह झाला, हाडांचं कुणी बोललं नाही. पाजण्याच्या काळात आईच्या हाडांची घनता ३ ते ७ टक्के उतरते. पाजणं थांबल्यावर ती भरून येते, म्हणून घाबरायचं कारण नाही. पण खायला घाला की तिला! आमच्या वेळी अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, नाचणीची पेज आणि वर सव्वा महिना पाण्यात हात घालायचा नाही. आता सुना बाराव्या दिवशी लॅपटॉप उघडतात आणि एका हाताने बिस्किटं खातात. ती दमली की सगळे म्हणणार, दूध पाजून खंगली. दूध पाजून नाही खंगत, उपाशी राहून खंगते.

वाशी_सेक्टर_१७
आजींशी सहमत. ऐरोलीच्या ताईंनाही सांगतो, सहा महिने कमी नाहीत. दीर्घकाळच्या एका अमेरिकन अभ्यासात सहा महिन्यांहून कमी पाजलेल्यांमध्येसुद्धा मधुमेहाचं प्रमाण २५ टक्क्यांनी कमी होतं. माझ्या सगळ्या शंका त्यालाही लागू आहेतच. हे सरसकट पोस्टरवर छापायला माझा विरोध आहे. गरोदरपणी शुगर झालेल्या बाईला डॉक्टरने समोर बसवून सांगावं, तेही खऱ्या आकड्यांत.

कळवा_परिचारिका
समोर बसवून सांगायला ती यायला तर हवी. गरोदरपणी शुगर झालेल्या बाईची बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी व्हायला हवी. बाळाच्या दीड महिन्याच्या लसीची वेळही तीच असते. बाळाला घेऊन सगळ्या येतात, स्वतःचं रक्त द्यायला फार थोड्या थांबतात, कारण बाहेर रिक्षा उभी असते आणि घरी दुसरं लेकरू असतं. लसीच्या कार्डावरच आईच्या शुगरसाठी एक रकाना छापा. पाजते का, किती पाजते, हे तिथेच विचारता येईल.

ऐरोली_सकाळची_शिफ्ट
रकाना हवाच. फक्त ‘पाजते का’ याला ‘नाही’ म्हणणारीला कुणी ओरडू नका. तिची शुगर तर आणखी नीट तपासा.