दुभाजकाच्या कटमधून यू-टर्न घेताना नेमके कोणाकडे पाहावे?

प्रश्न (नवी चालक, खामला):
मला चारचाकीचा पक्का परवाना मिळून जेमतेम दोन महिने झाले आहेत. कामानिमित्त नागपूरच्या वर्धा मार्गावरून रोज ये-जा असते आणि घरी परतताना मेट्रोच्या खांबांमधील एका कटमधून यू-टर्न घ्यावा लागतो. उजवा इंडिकेटर देऊन मी थांबते, पण मागून हॉर्न सुरू झाले की माझी घाई होते. मागच्या आठवड्यात वळण अर्धे झालेले असतानाच एक दुचाकीस्वार दुभाजक आणि माझी गाडी यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेतून शिरला व उजव्या आरशाला घासून गेला. चूक कोणाची, हा वाद मला घालायचा नाही. अशा वेळी काय करायला हवे होते, ते समजून घ्यायचे आहे. शिवाय मनाईचा फलक नसलेल्या ठिकाणी कट आहे म्हणजे वळण्यास परवानगी आहे, असे समजावे काय?

उत्तर (निवृत्त वाहनचालन प्रशिक्षक, प्रतापनगर):
ताई, आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. नाही, तसे समजू नये. २०१७ च्या मोटार वाहन वाहनचालन विनियमांप्रमाणे मनाईचा फलक असेल तेथे तर नाहीच, पण वर्दळीच्या व प्रमुख रस्त्यावर किंवा अखंड रेषा ओलांडूनही यू-टर्न घेता येत नाही. संध्याकाळचा वर्धा मार्ग वर्दळीचा नाही, असे कोण म्हणेल? म्हणून पुढच्या सिग्नलच्या चौकापर्यंत जाऊन, तेथे मनाई नसेल तर हिरव्या दिव्यावर वळावे. दोन-तीन मिनिटे जास्त लागतील. मात्र तो फेरा वाचवण्यासाठी उलट दिशेने गाडी घालणे हा २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८४ खाली, म्हणजे धोकादायक वाहनचालनात, मोडणारा गुन्हा आहे.

उत्तर (वीस वर्षांपासून चारचाकी चालवणारा, मानकापूर):
नियम वर आलाच आहे; जेथे वळणे रीतसर आहे, तेथे कसे वळावे याबद्दल लिहितो. इंडिकेटर कटपाशी पोहोचल्यावर देऊन उपयोग नसतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे ११ मीटर पुढे जाते, म्हणजे मागच्याला तीन सेकंद मिळावेत असे वाटत असेल, तर किमान ३० ते ३५ मीटर आधी दिवा लागला पाहिजे. त्यानंतर आरसा पाहून हळूहळू उजव्या मार्गिकेत यावे आणि दुभाजकालगत इतके राहावे, की उजवीकडे दुचाकी शिरण्याएवढी फट उरणार नाही. आपल्या बाबतीत ती फट राहिली असावी, असे वर्णनावरून वाटते. बहुतेक नवे चालक वळण मोठे मिळावे म्हणून आधी डावीकडे गाडी काढतात आणि उजवी बाजू मोकळी सोडून देतात. मग मागचा दुचाकीस्वार तिथूनच घुसतो.

थांबलेले असताना पुढची चाके सरळ ठेवा, आधीच उजवीकडे वळवून ठेवू नका. कोणी मागून धडक दिली, तर वळलेल्या चाकांमुळे गाडी थेट समोरच्या वाहतुकीत ढकलली जाते. गाडी आडवी झाली, की समोरची वाहने आपल्या डावीकडून येतात. शेजारी बसलेली व्यक्ती थोडी पुढे झुकली तरी ती दिसत नाहीत, म्हणून तिला मागे टेकून बसायला सांगावे. वर्धा मार्गावरची खरी अडचण खांबांची आहे. त्या जाडीच्या खांबाआड एखादी दुचाकी सहज लपते आणि एका नजरेत रस्ता मोकळा वाटतो. गाडीचे नाक हळूहळू पुढे घ्यावे, पुन्हा डावीकडे पाहावे आणि खांबाच्या पलीकडचे दिसू लागल्यावरच वळावे. साधी लहान चारचाकी वळायला साधारण १० मीटर रुंदी मागते. तेवढी जागा नसेल तर मध्येच मागे-पुढे करत बसण्यापेक्षा सरळ पुढे निघून जावे. आणि हो, चारही इंडिकेटर लावून वळण्याची आपल्याकडे जी खोड आहे, ती सोडावी, कारण त्यातून आपण कोणत्या बाजूला जाणार हे मागच्याला कळतच नाही. हॉर्न वाजवणाऱ्याचे काही जात नाही. धोका आपल्या गाडीला असतो.

उत्तर (रोज स्कूटरने जाणारी, गोपालनगर):
चारचाकीचे इंडिकेटर स्टिअरिंग सरळ झाले की बहुधा आपोआप बंद होते. आमच्या स्कूटरचे होत नाही. वळून झाल्यावर बटण दाबायचे राहिले, तर पुढच्या चौकापर्यंत मागचा माणूस आम्ही उजवीकडे वळणार म्हणून वाट पाहत राहतो. हाताचा इशारा करायचा तर तो उजव्या हाताने करावा लागतो, पण अॅक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक त्याच हाताशी असतात. त्यामुळे वेग कमी करण्याआधीच, रस्ता सरळ असताना हात दाखवून मी पुन्हा हँडलवर घेते. प्रत्यक्ष वळताना हात हवेत ठेवत नाही.

नवी चालक, खामला:
सर्वांचे आभार. चाके वळवून थांबण्याची सवय मला होती, हे वाचतानाच लक्षात आले. आज त्या कटपाशी न थांबता चौकापर्यंत गेले. घरी पोहोचायला चार मिनिटे उशीर झाला. दुचाकीस्वार उजवीकडून आला तर फट बंद करावी, हे समजले. पण चौकात सिग्नलवर थांबल्यावर दुचाक्या दोन्ही बाजूंनी पुढे येऊन उभ्या राहतात, त्यांचे काय करावे?

मानकापूर:
त्यांना आधी जाऊ द्यावे. हिरवा दिवा लागल्यावर दोन-तीन सेकंद थांबून, दोन्ही आरसे पाहून मग निघावे.