नाताळच्या भेटी : चाळीस मुलांना चाळीस खोकी, की संस्थेला एक चेक?

कोलशेतकर
सोसायटीने जवळच्या बालगृहातल्या ४० मुलामुलींना (वय ६ ते १७) नाताळची भेट द्यायचं ठरवलंय. माणशी ५०० रुपये, म्हणजे २० हजार. एक गट म्हणतो प्रत्येकाला वेगळं खोकं द्या, दुसरा म्हणतो संस्थेला सरळ चेक द्या. दोन्ही बाजू ऐकायच्या आहेत. सांताचा पोशाख भाड्याने ठरलाय, त्यावर वाद नको.

रोकडा
चेक. २५ डिसेंबरला शहरातल्या बालगृहांत सकाळी कंपनीचा केक, दुपारी कॉलेजचा केक, संध्याकाळी कुठल्याशा क्लबचा केक. प्रत्येक पाहुण्यासमोर मुलांनी तेच नाच-गाणं करायचं. जूनमध्ये वह्या, दप्तरं, रेनकोट लागतात तेव्हा चिटपाखरू फिरकत नाही. स्वयंपाकीण मावशींचा पगार, विजेचं बिल, चष्मे यांना देणगीदार सापडत नाही.
कराचंही बघा. वस्तूरूप देणगीला आयकरातली सवलत (‘८०जी’ म्हणतात ती) नाही. रोख २,००० रुपयांच्या वर दिली तर तिलाही नाही. म्हणून चेक किंवा ऑनलाइन. (नवी करप्रणाली घेतली असेल तर तीही सवलत विसरा, हे लोकांना आधीच सांगा.) आणि बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ४१ खालचं संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

वनलता
रोकडा, हिशेब बरोबर, निष्कर्ष चूक. बालगृहात गादीपासून टीव्हीपर्यंत सगळं सामायिक. चेकचा पैसा गळक्या छताला जातो, जायलाही हवा. पण त्यातून आठवीतल्या मुलीला तिच्या मापाचे बूट मिळत नाहीत. ‘हे माझं’ म्हणता येईल अशी वस्तू त्या मुलांकडे फार कमी असते.

मात्र खोकं द्यायचं तर काम नीट करा. अधीक्षकांकडून नावं मागू नका, क्रमांक मागा: ‘१२, मुलगी, उंची १३२ सेंमी, छाती, पावलाचा ठसा’. कोणता क्रमांक कुणाचा ती यादी त्यांच्याकडेच राहील. लेबलवरच्या वयावर कपडे घेतले की हमखास फसतं, कारण यातली बरीच मुलं वयाच्या मानाने लहानखुरी असतात. बुटांसाठी कागदावर पाऊल ठेवून कड आखायची, लांबीत साधारण १ सेंमी जादा धरायचं. खरेदी १० डिसेंबरपर्यंत आटपा आणि बिलं जपा, बदलायला वेळ लागतो. ४० मुलं असतील तर ४४ खोकी करा. बाल कल्याण समितीच्या आदेशाने आदल्या दिवशीही नवीन मूल येतं, आणि सगळ्यांना मिळताना ते एकटं रिकाम्या हाताने बसतं. जादा चारांत कुणालाही चालेल असं ठेवा: टॉवेल, कंपास, पाण्याची बाटली.

खेळण्यावर आयएसआय चिन्ह हवंच, १ जानेवारी २०२१ पासून ते सक्तीचं आहे. बटन सेलचं झाकण स्क्रूने बंद होणारं हवं. रिमोटची गाडी घेऊच नका. सेल आठवड्यात संपतात, नवे कोण आणणार? आणि खोकी बांधून नेऊ नका. आतलं सामान संस्थेला तपासावं लागतं. कागद आणि चिकटपट्टी वेगळी द्या, मोठी मुलं बांधतील.

रोकडा
५०० रुपयांत बूट, टॉवेल, खेळणं? आणि ४४ खोकी म्हणजे २२ हजार. वरचे दोन कोण देणार?
दुसरं, समान रक्कम म्हणजे समान भेट नव्हे. सात वर्षांच्या मुलाला ५०० रुपयांत भलामोठा डबा येतो, सोळा वर्षांच्या मुलाला हातात मावेल एवढं पाकीट. मुलं किंमत बघत नाहीत, आकार बघतात. रात्री त्यावरून मारामाऱ्या होतात आणि त्या सोडवायला सोसायटी तिथे नसते. मग काळजीवाहक सगळं कपाटात टाकून कुलूप लावतात.

वनलता
म्हणून तर प्रत्येक खोक्यात पहिली वस्तू कुलूप! मुलाच्या पेटीला लागेल एवढं लहान, दोन किल्ल्यांचं, एक किल्ली कार्यालयात. बाकी सगळं त्यानंतर. खोकी एकाच मापाची घ्या, आकाराचा प्रश्न तिथेच निम्मा सुटतो. बूट सगळ्यांना नाहीत, ज्यांचे फाटलेत त्यांनाच, आणि वरचे पैसे केकच्या खर्चातून काढा.

तिसरी घंटा
दोघंही मुख्य गोष्ट सोडताय. फोटो. त्याच बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार काळजी-संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसचाही यात समावेश होतो. चेहऱ्यावर इमोजी चिकटवून भागत नाही, मागे शाळेचा गणवेश किंवा संस्थेची पाटी दिसली की ओळख पटलीच.
आणि तो पोशाख. यातल्या काही मुलांवर अत्याचार झालेले असतात. दाढीवाल्या अनोळखी माणसाने मांडीवर बसवणं, न विचारता जवळ घेणं साफ बंद. पाहुणा कोणत्याही मुलासोबत खोलीत एकटा नको.

कोलशेतकर
पोशाखाचा वाद नको म्हटलं होतं, पण हे मान्य. सामायिक खेळ दिले तर?

तिसरी घंटा
द्या, पण पुरे द्या. कॅरममध्ये १९ सोंगट्या आणि स्ट्रायकर. दोन सोंगट्या हरवल्या की बोर्ड भिंतीला टेकतो, म्हणून सोंगट्यांचा जादा संच घ्या. फुटबॉल ८ ते १२ वयाला ४ नंबरचा, पुढे ५ नंबरचा, सोबत पंप आणि पिन. पंपाविना फुटबॉल महिनाभराचा सोबती.

वसईकर
केक न्यायचाच तर एकच, त्या दिवशी दुसऱ्या कुणी केक आणायचं सांगितलेलं नाही ना हे विचारून. माणशी ५०-६० ग्रॅम धरा, अडीच किलोत ४० मुलं होतात. रमचा नको. घरचा बऱ्याच संस्था घेत नाहीत, तारीख छापलेला न्या.
मला खटकतं ते वेगळंच. आमच्याकडे नाताळात ताटं इकडून तिकडे आणि तिकडून इकडे जातात. इथे मुलं फक्त घेणारी. हजारभर रुपयांचे कार्डपेपर, रंग, रिबिनी आठवडाभर आधी पाठवा. मुलांना ज्यांना द्यायचंय त्यांना देऊ देत, मावशींना, वॉचमनकाकांना, दुसऱ्या संस्थेत ठेवलेल्या भावाला.

रोकडा
वसईकरांच्या हजाराला माझा पाठिंबा, खोक्यांना नाही. १७ वर्षांच्यांचं तरी वेगळं करा. १८ पूर्ण झाले की ती मुलं बाहेर पडतात, काही अनुरक्षण गृहात (१८ नंतर काही काळ आधार देणारं गृह), काही थेट रस्त्याकडे. त्यांना टिकाऊ बॅग आणि आधार, जातीचा दाखला, गुणपत्रिका मावतील असं झिपचं फोल्डर द्या. उरलेले पैसे जूनला, वह्यांचे गठ्ठे घेऊन. त्या दिवशी कुणी टाळ्या वाजवणार नाही, जायची तयारी आहे का ते सोसायटीला विचारा.

वनलता
जूनलाही जा की. डिसेंबर का कापायचा?