गाडी उभी राहिली की तापते, रेडिएटरचा फॅन फिरतच नाही

प्रवासी_मन:
जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे. मोकळ्या रस्त्यावर तापमानाचा काटा मध्यावरून हलत नाही, पण गर्दीत अडकलो की चढायला लागतो. एसी लावलेला असेल तर भराभर. वेग घेतला की पुन्हा खाली. बॉनेट उघडून पाहिलं तर फॅन बंद. फ्यूज शाबूत आहे, फॅनच्या रिलेच्या (करंट चालू-बंद करणारा स्विच) जागी त्याच नंबरचा हॉर्नचा रिले लावून पाहिला, काही फरक नाही. कूलंटची पातळी बरोबर आहे. मेकॅनिकचं म्हणणं, थर्मोस्टॅट (कूलंट तापल्यावर त्याला रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून टाकू आणि फॅन डायरेक्ट करू, म्हणजे तो कायम फिरत राहील. मला हे पटत नाहीये. आईबाबाही हीच गाडी वापरतात, त्यामुळे मूळ कारण सापडल्याशिवाय हात लावू द्यायचा नाही असं ठरवलंय. सुरुवात कुठून करू?

जुना_वायरमन:
थर्मोस्टॅट काढू देऊ नका. वेगात गाडी थंड राहते, म्हणजे पंप, थर्मोस्टॅट, रेडिएटर आपापलं काम करतायत. वेगात हवा आपोआप मिळते, उभ्या गाडीत ती फॅननेच ओढावी लागते. दोष फॅनच्या लाइनमध्येच शोधा.

इंजिन थंड असताना, चावी काढून, पातं हाताने फिरवून बघा. अडखळत असेल तर मोटर गेली असं धरा. मोकळं फिरत असेल तर मोटरचा सॉकेट काढून बॅटरीवरून थेट करंट द्या. हात आणि वायर पात्यापासून लांब.

मोटर फिरली तर रिलेकडे या. रिले उपटून त्याच्या खाचेतले ३० (करंट येतो तो) आणि ८७ (फॅनकडे जातो तो) नंबर जाड वायरने जोडा. फॅन फिरला तर पुढची लाइन ठीक, मग संशय तापमानाच्या सेन्सरवर किंवा ईसीयूकडून (इंजिनचा कॉम्प्युटर) रिलेला येणाऱ्या हुकमावर. नाही फिरला तर रिलेपर्यंत येणाऱ्या करंटमध्ये, रिले आणि मोटर यांच्यामध्ये किंवा मोटरच्या अर्थिंगमध्ये (निगेटिव्ह बाजू) काहीतरी तुटलंय किंवा जळलंय. हे एवढं कळलं की निम्मं काम झालं.

सेन्सर तपासायची सोपी रीत : इंजिन चालू ठेवून त्याचा सॉकेट काढा. बऱ्याच इंजेक्शन गाड्यांत ईसीयू घाबरून फॅन लावून देतो. लावला, तर वायरिंग आणि रिले दोन्ही बरे. एसी लावल्यावरही फॅन फिरायला हवा, तुमचा तेव्हाही फिरत नाही म्हणून माझा संशय सेन्सरवर कमी आहे.

गॅरेजची_सावली:
वरच्यांशी सहमत. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो, फॅन त्यानंतर, ९५-१०० च्या आसपास लागतो. थर्मोस्टॅट काढला की इंजिन नीट तापतच नाही, पेट्रोल जास्त जातं आणि गर्दीतलं तापणं काही थांबत नाही.

आणि कळकळीने सांगतो, गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडू नका. आत दाब असतो म्हणून कूलंट शंभराच्या वरही उकळत नाही. झाकण सैल केलंत की दाब जातो आणि सगळं उकळून अंगावर येतं. दुरुस्ती होईपर्यंत काटा चढला तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात. तरी चढला तर बाजूला घेऊन इंजिन बंद.

प्रवासी_मन:
सगळं करून पाहिलं. पातं मोकळं फिरतं, बॅटरीवरून थेट दिल्यावर फॅन जोरात फिरला. ३०-८७ जोडल्यावर मात्र जागचा हलला नाही. गोंधळ असा, की मोटरकडे येणारा सॉकेट काढून त्यात मीटर लावलं तर १२ व्होल्ट दाखवतंय!

जुना_वायरमन:
मीटर जवळजवळ करंट घेतच नाही, म्हणून वायरची एक तार शिल्लक असली तरी १२ दाखवतं. मोटरला बरेच अँपियर लागतात, ते त्या एका तारेतून जात नाहीत. मीटरऐवजी हेडलाइटचा बल्ब लावा. मंद पेटला तर दोष पकडलात. मग बल्ब पेटता ठेवून बल्बचं अर्थिंग आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यात व्होल्ट मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थिंग खराब, नाहीतर पॉझिटिव्ह बाजूला चला.

प्रवासी_मन:
बल्ब जेमतेम लालसर झाला. अर्थिंग चांगलं निघालं. वायर धरून मागे गेलो तर मधल्या जोडाचा सॉकेट तपकिरी पडलाय, एक पिन काळी आणि सैल. नुसती घासून बसवली तर चालेल?

जुना_वायरमन:
नाही. तापलेल्या पिनेची पकड गेलेली असते, ती पुन्हा जळणार. दोन्ही बाजू कापून त्याच जाडीच्या वायरचा नवा सॉकेट घाला. पण त्याआधी मोटर किती करंट घेते ते क्लॅम्प मीटरने (वायरभोवती अडकवून करंट मोजायचं मीटर) मोजा. छोट्या गाडीचा फॅन बहुतेक १०-१५ अँपियरवर चालतो. त्याहून बराच जास्त घेत असेल तर सॉकेट मोटरनेच जाळलाय, मग मोटरही बदला.

प्रवासी_मन:
क्लॅम्प मीटर मिळतंय. मोजून आकडा इथेच टाकतो, त्याआधी सॉकेट जोडत नाही.