मदत हवी आहे: कर्करोगाच्या रुग्णाच्या हृदयाभोवती पाणी, पुढे काय?

बंदरावरून
देवगडच्या मावशी, वय ५८, फुफ्फुसाचा कर्करोग, पोर्टमधून (छातीत त्वचेखाली बसवलेली डबी, तिची नळी शिरेतून हृदयाकडे जाते) केमो चालू. दम लागतो म्हणून टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) केला. हृदयाभोवती २२ मिमी पाणी, शिवाय उजव्या कर्णिकेत (हृदयाच्या वरच्या कप्प्यात) 'गाठ किंवा गुठळी'. कर्करोग हृदयात गेला असंच धरायचं का? गोव्याचं बांबोळीचं मेडिकल कॉलेज की मुंबई?

माडाखाली
पाणी किती, यापेक्षा किती वेगाने साठलं ते बघा. हळूहळू साठलेलं लिटरभरही हृदय सोसतं. झपाट्याने आलेलं दीड-दोनशे मिली त्याला आवळून टाकतं. हेच टॅम्पोनाड. आडवं होववत नाही, मानेच्या शिरा फुगल्यात, नाडी धावतेय, बीपी उतरतंय, असं असेल तर मुंबई विसरा. इकोवर बघत सुईने पाणी काढणारं सगळ्यात जवळचं ठिकाण गाठा. आणि सूज दिसली म्हणून लघवीची गोळी परस्पर देऊ नका, हृदयात रक्त कमी भरून बीपी आणखी कोसळतं.

काढलेलं पाणी सायटॉलॉजीला (कर्कपेशी शोधायच्या तपासणीला) ५०-६० मिली तरी पाठवायला सांगा. टीबीसाठी एडीए आणि जीनएक्सपर्ट या तपासण्याही. आपल्याकडे टीबीनेही असंच पाणी होतं. छातीला रेडिएशन दिलं असेल तर तेही कारण असू शकतं. कर्कपेशी सापडल्या नाहीत, एवढ्यावरून कर्करोग नाही असं ठरत नाही. कधी हृदयाच्या आवरणाचा तुकडा तपासायला घ्यावा लागतो.

सुरंगी
कर्णिकेतल्या गोळ्याबद्दल: पोर्टच्या नळीचं टोक तिथेच किंवा त्याच्या तोंडाशी असतं आणि त्यावर गुठळी धरते, म्हणून लगेच घाबरू नका. गॅडोलिनियम हे रंगद्रव्य शिरेतून देऊन हृदयाचा एमआरआय केला की बहुतेक वेळा उलगडतं. गुठळीला रक्तपुरवठा नसतो, ती काळी राहते. गाठ सहसा उजळते. आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) करा, पोर्टचं कार्ड सोबत न्या.

पेट स्कॅन (साखर ओढणाऱ्या पेशी उजळवून दाखवणारा) सुचवला तर पथ्य कडक. हृदयाचा स्नायू स्वतःच साखर ओढतो, मग गाठ त्या उजेडात हरवते. आदल्या दिवशी भात, भाकरी, पेज, फळं, दूध, साखर बंद. अंडी, तूप, तळलेला बांगडा चालेल, पण रव्यात घोळवलेला नको! नंतर १२ तास उपास. मधुमेह असेल तर औषधांचं आधी केंद्रात विचारा.

बंदरावरून
आडवं झाल्यावर धाप वाढते, पण बीपी १३०/८०. थांबावं का?

माडाखाली
नाही, आजच निघा. बीपी शेवटी पडतं. इकोचा नुसता कागद नको, व्हिडिओही मागून घ्या.