मदत हवी आहे: थर्मल पेस्ट बदलल्यापासून लॅपटॉपचा फॅन थांबतच नाही

नमस्कार मंडळी,

लॅपटॉप २०१८ मध्ये घेतलेला. इंटेल आय५-८२५०यू, सोबत एनव्हिडियाचं छोटं एमएक्स१५० कार्ड, ८ जीबी रॅम, विंडोज १०. आधी फॅनचा आवाज यायचा तो झूम किंवा व्हिडिओ एडिटिंग चालू असतानाच. यंदा उन्हाळा लागल्यावर बूड फारच तापायला लागलं, म्हणून इथे अकोल्यातच एका दुरुस्तीवाल्याकडून उघडून साफ करून घेतला. त्याने धूळ काढली, नवीन पेस्ट (चिपची उष्णता वरच्या तांब्यात उतरवणारा लेप) लावली, आणि ग्राफिक्स चिपच्या आजूबाजूचे थर्मल पॅड (तेच काम करणाऱ्या मऊ पट्ट्या) फाटले होते तेही बदलले. घरी आणल्यापासून फॅन बंदच होत नाही. नुसता डेस्कटॉप समोर असला तरी घोंघावत असतो, आणि क्रोम उघडलं की एकदम जोर धरतो. आवाज वाऱ्याचा आहे, खरखर किंवा टकटक अजिबात नाही.

टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू ३-५ टक्क्यांवर दिसतो. स्टार्टअपमधले नको ते प्रोग्रॅम बंद केले, बायॉस डिफॉल्टवर आणलं, खाली स्टँड लावला. फरक शून्य.

दुरुस्तीवाले म्हणतात, पेस्ट 'सेट' व्हायला वेळ लागतो, वापरत राहा. शिवाय मे महिन्यात अकोल्यात दुसरं काय होणार? मला हे पटत नाही. बाहेर ४४ असलं तरी कूलरमुळे खोलीत ३३-३४ च्या वर जात नाही, आणि याच खोलीत, याच टेबलावर आधी तो शांत बसायचा.

मी बारावीच्या गणिताचे तास रेकॉर्ड करून मुलांना पाठवते. बरीच मुलं खेड्यावरची आहेत, सुटीत त्यांना दुसरी शिकवणी नाही. फॅनचा आवाज सॉफ्टवेअरने काढला तर माझाच आवाज बसका होतो, 'साइन' म्हटलेलं नीट कळत नाही. म्हणून हे लवकर सुटायला हवं आहे. पेस्ट हलकी असेल का? भारीची आणून परत लावून घेऊ की फॅनच बदलू? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

ताई, काहीही विकत घेऊ नका. आधी तापमान बघा. फॅन हा तापमानाचा हुकूम पाळतो, त्यामुळे आवाज चढतो तेव्हा आत किती अंश आहेत हे कळल्याशिवाय सगळे अंदाजच.

एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते 'सेन्सर्स ओन्ली'मध्ये उघडा. लॅपटॉप दहा मिनिटं रिकामा ठेवून चारही कोअरचं तापमान वेगवेगळं लिहा. मग व्हिडिओ एक्सपोर्ट लावून तेच परत लिहा, सोबत 'सीपीयू पॅकेज पॉवर', म्हणजे चिप घेते ती वीज, किती वॉट येते तेही. एक्सपोर्ट थांबवल्यावर आकडा हळूहळू उतरतो की धाडकन पडतो, हे नक्की बघा.

रिकामा असताना ४५ च्या आसपास असूनही फॅन जोरात असेल, तर पेस्टचा काही संबंध नाही. मग फॅनचा कनेक्टर नीट बसलाय का ते बघायचं. चार तारांच्या फॅनमध्ये एक तार फॅनला किती वेगाने फिरायचं ते सांगणारी, म्हणजे पीडब्ल्यूएमची असते. ती सुटली तर फॅन बहुधा पूर्ण वेगाने फिरतो. पण तापमानच चढलेलं असेल तर फॅन आपलं काम करतोय आणि दोष हीटसिंकच्या, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या तांब्याच्या भागाच्या, बाजूला आहे.

आणि ते 'सेट' होण्याबद्दल: आर्क्टिक सिल्व्हर ५ सारख्या जुन्या पेस्टला २०० तासांपर्यंत वेळ लागतो असं कंपनीच सांगायची, पण त्यातूनही फरक पडायचा तो मोजक्या अंशांचा. एमएक्स-४ सारख्या पेस्टला तर थांबावंच लागत नाही. तसंच दोन बऱ्या पेस्टमध्येही थोड्याच अंशांचं अंतर असतं, त्यामुळे भारीच्या पेस्टने हा आवाज जाईल असं वाटत नाही.

धागाकर्ती

तातडीने उत्तर दिलंत, आभार. आकडे घेतले.

रिकामा असताना कोअर ६१, ६३, ७२, ७४. एक्सपोर्ट लावताच डोळ्यासमोर ९७ वर उडी. पॅकेज पॉवर सुरुवातीला २५ च्या वर दिसली, मग घसरत १०-११ वॉटवर येऊन थांबली. 'थर्मल थ्रॉटलिंग'पुढे (तापल्यामुळे चिपने वेग कमी करणं) लाल अक्षरात 'येस'. एक्सपोर्ट थांबवला तर एका सेकंदात ७५ च्या खाली. ग्राफिक्स कार्ड मात्र ५५ च्या पुढे गेलं नाही.

प्रतिसाद

मघाचाच मी. हे आकडे बरंच सांगतात.

ही चिप १५ वॉटची आहे आणि तिची मर्यादा १०० अंश. तुमच्याकडे ती १५ वॉटसुद्धा पेलत नाही, म्हणजे उष्णता चिपमधून तांब्यात उतरतच नाहीये. तांबं खरंच तापलं असतं तर काम थांबल्यावर आकडा सावकाश उतरला असता. तुमचा एका सेकंदात पडतो, याचा अर्थ तेवढी चिपच तापते आणि हीटसिंक त्या मानाने थंडच राहतो. त्यात दोन कोअर इतर दोघांपेक्षा दहाएक अंशांनी वर आहेत. हीटसिंक एका बाजूने उचललेला आहे.

माझा संशय नव्या पॅडवर आहे. या प्रकारच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये सीपीयू आणि ग्राफिक्स चिप एकाच हीटसिंकखाली, एकाच कॉपर पाइपवर असतात. ग्राफिक्सच्या मेमरी चिपांवर मूळ पॅड अर्ध्या मिलिमीटरचे असतील आणि तिथे एक किंवा दीड मिलिमीटरचे बसले असतील, तर ती बाजू वर राहते आणि सीपीयूवरची पट्टी तिरकी टेकते. लॅपटॉपच्या चिपला वर धातूचं झाकण नसतं, उघड्या सिलिकॉनवर थेट तांबं बसतं, म्हणून एवढासा फरकही भोवतो.

उघडल्यावर पेस्टचा ठसा बघा. बरोबर टेकलं असेल तिथे पातळ, जवळजवळ पारदर्शक थर दिसतो; फट असेल तिथे जाड करडा लगदा. मग पॅड पूर्ण काढून नुसत्या पेस्टवर हीटसिंक कसून परत उचला. लॅपटॉप या अवस्थेत सुरू करायचा नाही, फक्त ठसा घ्यायचा. तो सगळीकडे सारखा पातळ आला तर दोष पॅडचाच. जाडी ठरवता येत नसेल तर पॅडऐवजी थर्मल पुटी (मऊ लगद्यासारखी असते) वापरायला सांगा, ती दाबली जाते तेवढीच राहते.

हीटसिंकवर स्क्रूंशेजारी १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात. त्याच क्रमाने, प्रत्येक थोडा थोडा पिळत जायचं. एक पूर्ण कसून मग दुसरा, असं केलं तर पॅड बरोबर असूनही तिरकं बसतं. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची आणि उघडण्याआधी बॅटरीचा कनेक्टर काढायचा.

दुसरा प्रतिसाद

वरच्यांशी सहमत. तोवर रेकॉर्डिंग अडू नये म्हणून पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' ९९ टक्के करा. टर्बो, म्हणजे चिपचा वेग आपोआप वाढणं, थांबतो, चिप ३.४ गिगाहर्ट्झकडे धावत नाही, फॅनही बराच खाली येतो. एक्सपोर्टला वेळ लागेल, तो रात्री लावत जा.

धागाकर्ती

९९ टक्क्यांवर दोन धडे रेकॉर्ड झाले, मुलांना पाठवलेही.

लॅपटॉप दुसऱ्या एका कारागिराकडे नेला आणि हा धागाच त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी माझ्यासमोर उघडला. सीपीयूच्या एका कोपऱ्यात पेस्टचा जाड लगदा तसाच होता, दुसरीकडे जेमतेम थर. पॅड कॅलिपरने मोजले तर दीड मिलिमीटरचे निघाले. ते काढून घेतलेला ठसा सगळीकडे सारखा आला. मग अर्ध्या मिलिमीटरचे पॅड लावले, पेस्ट एमएक्स-४, स्क्रू आकड्यांच्या क्रमाने.

आता त्याच खोलीत रिकामा असताना चारही कोअर ४६ ते ४९. एक्सपोर्टला १५ वॉट टिकून ८१ अंश. फॅन तेव्हा ऐकू येतो, पण बोलताना, लिहिताना शांत असतो. ग्राफिक्स कार्ड ५८.

तुम्हा दोघांचे मनापासून आभार. ग्राफिक्स कार्ड आधीपेक्षा ३ अंशांनी वर दिसतंय, त्याची काळजी करायची का?

प्रतिसाद

नाही. आधी सीपीयूची उष्णता त्या पाइपमध्ये पोचतच नव्हती, आता पोचते, म्हणून शेजारचं कार्ड थोडं वर दिसतंय. ५८ काहीच नाही. ९९ टक्क्यांचं सेटिंग परत १०० करा, आता गरज नाही. आणि हे आकडे खोलीच्या तापमानासकट लिहून ठेवा. पुढच्या उन्हाळ्यात आवाज वाढलाच, तर तुलनेला हाताशी असतील.