पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमात परुळकर सरांची आठवण

*सेक्रेटरी, ए-२०३:* शुक्रवारी सकाळी ८ वाजता झेंडावंदन. लहान मुलांची गाणी आहेतच, आणखी कुणाला काही सुचतंय का सांगा

*बी-५०४:* रविवारी ग्रुप कॅप्टन दिलीप परुळकर गेले, पेपरात वाचलं. ८२ वर्षांचे होते, पुण्यातच राहायचे. त्यांच्यावर पाचेक मिनिटं बोलूया का. एक फॉरवर्ड पण आलाय, टाकते
_(फॉरवर्डेड) पाकिस्तानच्या जेलची भिंत फोडून अफगाणिस्तानात पोचलेला मराठी वीर!!_ 🇮🇳🇮🇳

*सी-१०१ (काका, एअरफोर्स रिटा.):* ताई सुचवलंत ते फार बरं केलंत पण हा फॉरवर्ड मुलांसमोर वाचू नका. ते अफगाणिस्तानात पोचले नव्हते, बॉर्डर थोडक्यात राहिली आणि पाकिस्तानातल्याच लंडी कोतलला पकडले गेले. मी ग्राउंड स्टाफला होतो, त्यांच्यासोबत काम करायचा योग कधी आला नाही, पण आमच्याकडे हा किस्सा तोंडपाठ नाही असा माणूस सापडणार नाही

*ए-६०२:* काका पूर्ण सांगा ना, आमच्या पिढीला काहीच माहीत नाही

*सी-१०१ (काका):* सांगतो, मोठं होईल. १० डिसेंबर १९७१ ला त्यांचं सुखोई-७ लढाऊ विमान पाकिस्तानात पडलं, ते इजेक्ट झाले म्हणजे पॅराशूटने बाहेर पडले आणि पकडले गेले, मग रावळपिंडीच्या कॅम्पात. युद्ध तर डिसेंबरातच संपलं पण कैद्यांची सुटका काही होईना, महिने चालले. पळायची योजना यांच्या डोक्यातली, बरोबर ग्रेवाल आणि हरीश सिंहजी, दोघेही पायलट. कोठडीची भिंत थोडी थोडी करून पोखरली, हत्यारं म्हणजे हाताला लागेल ते, आणि १३ ऑगस्ट १९७२ ला मध्यरात्रीनंतर बाहेर, म्हणजे पाकिस्तानचा स्वातंत्र्यदिन तोंडावर आलेला. बसने पेशावर, तिथून टांगा, परत बस. अंगात पठाणी कपडे, कुणी विचारलं तर आम्ही पाकिस्तान एअरफोर्सचेच. लंडी कोतलला त्यांनी लंडी खाना स्टेशनची चौकशी केली आणि घात तिथेच झाला, कारण तिथपर्यंतची रेल्वे १९३२ सालीच बंद झालेली, मग हे कोण आलेत विचारणारे?

*ए-६०२:* बापरे. मग?

*सी-१०१ (काका):* त्या भागात गुप्तहेर समजून तिथल्या तिथे मारलं असतं तरी कुणी विचारणारं नव्हतं. परुळकरांनी डोकं शांत ठेवून सांगितलं की उस्मान हमीदना फोन लावा. हे आधी त्याच रावळपिंडीच्या कॅम्पचे कमांडर होते आणि तेव्हा पाकिस्तानी हवाईदल प्रमुखांचे एडीसी, म्हणजे खास मदतनीस अधिकारी. त्यांनी फोनवर सांगितलं की ही आमचीच माणसं आहेत, आणि तिघं वाचले. शत्रूच्या अधिकाऱ्याचा हा भलेपणा मुलांना आवर्जून सांगा असं माझं मत. पुढे १ डिसेंबर १९७२ ला बाकीच्यांसोबत सुटून आले

*बी-३०१:* राग मानू नका काका, पण पकडले गेले म्हणजे प्रयत्न फसलाच ना? मुलं हेच विचारतील

*सी-१०१ (काका):* विचारू देत, राग कसला. युद्धकैद्याने सुटायचा प्रयत्न करायचा हे कर्तव्य समजतात आणि त्यांनी ते केलं. सरकारने विशिष्ट सेवा पदक दिलं ते याच नेतृत्वासाठी. आणि ६५ च्या लढाईतलं तर कुणी बोलतच नाही. विमानाला गोळ्या लागल्या, उजव्या खांद्याला जखम, लीडर म्हणतोय इजेक्ट कर, तरी पठ्ठ्याने विमान बेसवर आणून उतरवलं. वायुसेना पदक त्याचं आहे. तेव्हा जेमतेम दोन वर्षांची नोकरी हो, ६३ ला कमिशन झालेले

*बी-५०४:* हे तर मलाही माहीत नव्हतं. बातमीत होतं की मागे पत्नी आणि दोन मुलं आहेत

*सी-१०१ (काका):* हो. आणि बघा ना, ७२ ला परत आल्यावर पन्नासहून जास्त वर्षं ते जगले. नोकरीत राहून नव्या पोरांना शिकवलं, खडकवासल्याच्या एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, बटालियन सांभाळली, सिंगापूरला दोन वर्षं डेप्युटेशनवर होते, संसार केला. लोक पळाल्याचा एक दिवस धरून बसतात, मला हे पुढचं आयुष्यही तितकंच मोलाचं वाटतं. आमच्या हिने मी पोस्टिंगवर असताना घर एकटीने ओढलंय, म्हणून सांगतो, त्यांच्या घरच्यांनी ७१-७२ चं ते वर्ष कसं काढलं असेल याबद्दलही दोन शब्द बोला

*डी-४०२ (आजी):* अगदी बरोबर बोललात भाऊ. माझे थोरले दीर ७१ ला सीमेवर होते, सासूबाई रेडिओपासून हलत नव्हत्या, पोस्टमन दिसला की घरात सगळे गप्प. मी बोलेन त्यावर, चालेल का

*सेक्रेटरी, ए-२०३:* आजी चालेल काय, बोलाच. काका ५ नाही १५ मिनिटं तुमची, मुलांची गाणी आधी उरकून घेऊ. तो फॉरवर्ड कृपया कुणी पुढे पाठवू नका

*बी-५०४:* डिलीट केला. काका त्यांचा युनिफॉर्ममधला फोटो मोठा प्रिंट करून आणते, गुरुवारी संध्याकाळी तुमच्याकडे देते

*सी-१०१ (काका):* या. फोटोखाली नावापुढे व्हीएम, व्हीएसएम (वायुसेना पदक, विशिष्ट सेवा पदक) लिहायला विसरू नका

*डी-४०२ (आजी):* मला खुर्ची लागेल रे, उभं राहवत नाही फार वेळ

*ए-६०२:* आजी मी आणून ठेवतो 🙏