खोकला नाही म्हणजे छाती साफ?

‘शुगर जुनी आहे, पण खोकला नाही, म्हणजे फुफ्फुसं ठणठणीत’ हे म्हणणं पटत नाही. खोकल्याची वर्दी मेंदूला देते ती व्हेगस नस; हृदयाचे ठोके आणि पोट रिकामं होणं यांतही तिचाच हात असतो. जुन्या मधुमेहात पायाच्या नसांसारखी तीही बधिर होऊ शकते. मग लातूरच्या डाळमिलमधली धूळ घशात गेली किंवा झोपेत लाळ श्वासनलिकेत उतरली, तरी ठसका उशिरा लागतो.

तपासणी सोपी आहे, करून घेत मात्र कुणी नाही. ईसीजी लावून मिनिटाला ६ श्वास: ५ सेकंद आत, ५ बाहेर. श्वास घेताना-सोडताना नाडीत मिनिटाला १० ठोक्यांहून कमी फरक पडला, तर व्हेगसवर शंका घ्यायची (म्हातारपणी तो तसाही घटतो). ऑपरेशन ठरलं असेल तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा. अशांचं पोट ६ तास उपाशी राहूनही रिकामं असेलच असं नाही.